समोरचा मॉनिटर शेतकऱ्याचा

धारूरच्या रस्त्यावर तू ऑनलाइन अर्ज भरण्याचं केंद्र टाकतोयस आणि तीन मॉनिटर घेतलेस, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. माझ्या केंद्रात दुसरा मॉनिटर यायला कितीतरी वर्षं लागली. तो आला तेव्हा मी त्याच्यावर नुसता पसारा वाढवला. तुझं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय, लेकरा. वाचून झालं की छाप आणि टेबलाच्या काचेखाली सरकव.

तीनपैकी एक मॉनिटर समोर बसणाऱ्याकडे तोंड करून ठेव. तो त्याचा. त्याच्यावर फक्त त्याचाच कागद दिसला पाहिजे, आणि दुसऱ्या कुणाचा कागद चुकूनही दिसता कामा नये. विंडो कुठे उघडावी, कुठे जावी, कुठे अजिबात जाऊ नये याची जी स्क्रिप्ट तू लिहिणार आहेस, ती एवढ्यासाठीच लिही. बाकी सोय तिच्या मागोमाग येते.

असं का म्हणते ते ऐक. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पीक विम्याची रांग बाहेरच्या पानटपरीपर्यंत जाते. पूर्वी मी फॉर्म भरून मोठ्याने वाचून दाखवायचे: नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, खाते नंबर. समोरचा मान हलवायचा. मागून चारजण ढकलत असताना माणूस मान हलवतोच, त्याने ऐकलेलं नसतं. खाते नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की पैसे येत नाहीत आणि ते कळतं कित्येक महिन्यांनी. तोवर दसरा-दिवाळी उरकून टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या असतात, कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी कर्नाटकातल्या कारखान्यावर. उन्हाळा लागेपर्यंत माणूस परत येत नाही. फडात कोयता हातात असताना इथली चूक कशी दुरुस्त करणार? सबमिट दाबायच्या आधी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी आकडे बघितले, तर त्याचं वर्ष वाचतं.

आणखी एक कारण आहे, ते जिव्हारी लागणारं आहे. 2023 च्या खरिपापासून विमा 1 रुपयात होता. त्याच काळात बोगस अर्जांच्या बातम्या आल्या, त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव पुढे होतं आणि बोट उठलं ते आपल्यासारख्या केंद्रचालकांवर. 2025 च्या खरिपापासून ती 1 रुपयाची सवलत गेली, आता शेतकरी पुन्हा खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता स्वतःच्या खिशातून भरतो. पैसे त्याचे, जमीन त्याची, आणि फॉर्म मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून ठेवलेल्या मॉनिटरवर भरायचा, हे मला पटत नाही. मॉनिटर त्याच्याकडे वळवलास की संशयाला जागा राहत नाही.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. पावसाळी दुपार होती, केंद्रात नऊ-दहा माणसं. मी एका बाईचा निराधार योजनेचा अर्ज भरत होते, सोबत दुर्धर आजाराचा दाखला स्कॅन केलेला. तो माझ्या बाजूच्या मॉनिटरवर उघडा होता. लाइट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर होता. समोरचा मॉनिटरही यूपीएसवर होता, कारण त्याची वायर जवळ पडत होती. माझा मॉनिटर मात्र भिंतीच्या साध्या बोर्डावर. तो विझला, कॉम्प्युटरला वाटलं की मॉनिटरच काढून घेतला, आणि त्याने सगळ्या विंडो उरलेल्या मॉनिटरवर आणून ठेवल्या. तो दाखला, नावासकट, आजाराच्या नावासकट, तिच्याच गावच्या माणसांपुढे आला. मी धावत जाऊन बटण बंद करेपर्यंत ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. त्या बाईने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. अर्ज मी पुढे तिच्या घरी जाऊन पूर्ण केला, पण ती माझ्या केंद्रात परत आली नाही. माझी चूक होती आणि ती एका वायरची होती.

म्हणून पहिला कानमंत्र वायरचाच. यूपीएसला एकच जागा शिल्लक असेल तर तिथे तुझा मॉनिटर लाव. समोरचा विझला तर विंडो तुझ्याकडे येतात, कुणाचं काही उघडं पडत नाही. तुझा विझला तर सगळं चव्हाट्यावर येतं. हे विशेषतः डिस्प्लेपोर्टच्या केबलवर होतं. मॉनिटर बंद झाला की बऱ्याचदा तो मोजणीतूनच जातो. एचडीएमआयवर बऱ्याच वेळा होत नाही, पण त्या भरवशावर राहू नकोस. दोन्ही केबली लावून, मॉनिटर एकेक करून बंद करून बघ आणि काय होतं ते वहीत लिही.

विंडोज 11 मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगला, 'मल्टिपल डिस्प्लेज' खाली, दोन खुणा आहेत: मॉनिटर परत जोडला की विंडोंच्या जागा आठवून ठेवणं, आणि मॉनिटर निघाला की त्याच्यावरच्या विंडो खाली घालणं, म्हणजे मिनिमाइझ करणं. दोन्ही चालू ठेव. दुसरी त्या दुपारी माझ्याकडे असती तर तो दाखला दिसलाच नसता. अजून विंडोज 10 वर असशील तर त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. लोकांची आधार कार्डं ज्या यंत्रावर उघडतोस ते तसं ठेवू नको.

मुख्य मॉनिटर, सेटिंगमध्ये 'मेन डिस्प्ले' म्हणतात तो, नेहमी तुझ्या बाजूचाच. सूचना तिथे येतात आणि बरेच प्रोग्राम पहिल्यांदा तिथेच उघडतात. 'डुप्लिकेट' कधीही निवडू नको, 'एक्स्टेंड' निवड. एका केंद्रात मी दोन्हीकडे एकच चित्र लावलेलं पाहिलं. चालकाच्या व्हॉट्सॲपवर आलेले आधारचे फोटो रांगेतला पहिला माणूस निवांत बघत होता.

स्क्रिप्ट लिहायला घाई करू नको. आधी तीन दिवस हाताने काम कर आणि वहीत रेघा मार: कोणती विंडो किती वेळा ओढून इकडून तिकडे नेलीस. माझ्या रेघा मोजल्या तेव्हा कळलं की रोजची ओढाताण तीनच विंडोंची होती: सातबारा, विम्याचा फॉर्म आणि पासबुकाचा स्कॅन. मी तर वीस विंडोंची स्क्रिप्ट मनात धरून बसले होते. तीन विंडोंचीच लिहिली, ती अजून चालते.

साधन ऑटोहॉटकी घे. फुकट आहे, लहान आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. डिसेंबर 2022 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिचं व्याकरण बदललं. कुणीतरी दिलेली जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत टाकलीस तर चुका दाखवेल, आणि तू रात्रभर स्वल्पविराम शोधत बसशील. नवीच शीक, जुनी मिसळू नको. आणि कुणी तयार करून दिलेली बंद फाइल, ज्याच्या आतलं वाचता येत नाही, ती कधीही चालवू नको. हे साधन कळा दाबू शकतं, तसंच दाबलेल्या कळा ऐकूही शकतं. ज्या यंत्रावर शेतकऱ्याचा ओटीपी टाइप होतो त्या यंत्रावर ज्याची ओळ न ओळ तू वाचली आहेस तेच चालव.

तू विचारशील, विंडोज कळ, शिफ्ट आणि बाण दाबला की विंडो शेजारच्या मॉनिटरवर जातेच, मग स्क्रिप्ट कशाला? बरोबर आहे, विंडोज 7 पासून ते जमतं. पण ती कळ कोणतीही विंडो नेते. गर्दीत हात चुकला की नको ती विंडो समोर जाते. स्क्रिप्टचं खरं काम नाही म्हणण्याचं आहे. माझी कळ एफ8 आहे. ती दाबली की स्क्रिप्ट आधी बघते, हातातली विंडो परवानगीच्या यादीत आहे का. नसेल तर एक टुक असा आवाज करते आणि काहीच हलवत नाही. असेल तर समोर नेते. एफ9 दाबलं की समोर जे काही असेल ते परत माझ्याकडे येतं. यादी परवानगीची ठेव, मनाईची ठेवू नको; मनाईच्या यादीत एखादं नाव राहून जातं आणि नेमकं तेच समोर जातं.

आता यादीत विंडो ओळखायची कशी? इथे नवखे फसतात. क्रोम आणि एज दोघांच्या विंडोची जात, म्हणजे 'क्लास', एकच असते, कारण दोघं एकाच मुळावरून बनलेत. दुसरे काही प्रोग्रामही तीच जात लावतात. म्हणून प्रोग्रामच्या फाइलचं नाव आणि मथळ्यातला एखादा पक्का शब्द, दोन्ही जुळले तरच विंडो ओळखायची. सरकारी साइटचे मथळे अधूनमधून बदलतात, त्यावर एक उपाय आहे. क्रोमच्या मेनूत 'मोअर टूल्स' खाली 'नेम विंडो' आहे, त्याने विंडोला तू नाव देऊ शकतोस. मी 'समोर' असं नाव देते आणि स्क्रिप्ट तेच शोधते. मराठी शब्द चालतो, फक्त फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन कर, नाहीतर स्क्रिप्टला 'समोर' ऐवजी चौकोन दिसतील. ऑटोहॉटकीसोबत 'विंडो स्पाय' नावाचं लहान साधन येतं. माउस विंडोवर नेला की तिचं नाव, जात, जागा दाखवतं. पहिल्या आठवड्यात ते सतत उघडं ठेव.

मापाचं सांगते, कारण मला त्याने फार छळलं. जमिनीच्या मोजणीला जसा एक खुंट धरून तिथून फूट मोजतात, तसा कॉम्प्युटरचा खुंट मुख्य मॉनिटरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. तिथे शून्य, शून्य. उजवीकडे आकडे वाढतात, खाली वाढतात. मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा असेल तर तिथले आडवे आकडे उणे असतात. मी उणे आकडा चूक समजून पुसत होते आणि विंडो कुठेच सापडत नव्हती. आणि हे आकडे स्क्रिप्टमध्ये कायमचे लिहून ठेवू नको. केबल इकडची तिकडे झाली, मॉनिटर बदलला, की सगळे खोटे ठरतात. दरवेळी कॉम्प्युटरलाच विचार, या मॉनिटरवर मोकळी जागा कुठून कुठवर आहे. त्यासाठी 'मॉनिटरगेटवर्कएरिया' आहे, ते खालची टास्कबार वगळून माप देतं. मॉनिटरच्या क्रमांकावरही विसंबू नको. सेटिंगमध्ये जो 2 दिसतो तो स्क्रिप्टला 3 दिसू शकतो. कोणता मॉनिटर मुख्याच्या कोणत्या अंगाला आहे, यावरून ओळख.

समोरच्या मॉनिटरची अक्षरं मोठी ठेव, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल 150 टक्के. ब्राउझरचं झूम वाढवू नको. ते साइटला चिकटतं, मग तीच साइट तुझ्या मॉनिटरवरही मोठी होते आणि तुझं काम अडतं. स्केल प्रत्येक मॉनिटरचं वेगळं राहतं. त्याची एक किंमत आहे: 100 टक्क्यांच्या मॉनिटरवरून 150 च्या मॉनिटरवर विंडो गेली की वाटेत ती स्वतःचं माप बदलते आणि तू सांगितलेली लांबी-रुंदी बिघडते. उपाय साधा, हुकूम दोनदा द्यायचा. पहिल्यांदा तिला त्या मॉनिटरवर ने, दुसऱ्यांदा तिथे गेल्यावर माप सांग. आणि विंडो पूर्ण मोठी केलेली, मॅक्सिमाइझ, असेल तर आधी ती साधी कर, मग हलव, मग पुन्हा मोठी कर. क्रम चुकला तर ती अर्धवट अडकते.

अमुक सेकंद थांब, असं स्क्रिप्टला कधी सांगू नको. जुलैच्या 30-31 तारखेला साइट कधी दोन सेकंदांत उघडते, कधी दोन मिनिटांत. 'विनवेट' म्हणजे विंडो येईपर्यंत वाट बघ. तिला कमाल मर्यादा दे, मर्यादा संपली की आवाज करून थांबू दे. मी सुरुवातीला तीन सेकंद लिहिले होते. साइट उशिरा आली आणि स्क्रिप्टने त्या घडीला जी विंडो वर होती तीच समोर नेली.

समोर गेलेल्या विंडोत काय काय डोकावतं, ते एकदा ग्राहकाच्या खुर्चीत बसून बघ. एखादा रकाना भरताना ब्राउझर आधीच्या माणसांची नावं आणि नंबर सुचवतो. त्या विंडोच्या ब्राउझर-प्रोफाइलमध्ये ऑटोफिल बंद कर. त्या विंडोत टॅब एकच ठेव, कारण शेजारच्या टॅबच्या मथळ्यावरही कुणाचं नाव असतं. विंडो समोर असताना सेव्ह किंवा प्रिंट करू नको: फाइल जतन करायची चौकट त्याच विंडोवर उघडते आणि तिच्यात दिवसभरातल्या सगळ्यांच्या फाइली नावानिशी दिसतात. आधी एफ9, मग सेव्ह. मी तर स्कॅनच्या फाइलींना नावं देणंच सोडलं. तारीख आणि टोकन नंबर, बस.

काम नसताना समोरच्या मॉनिटरवर दरपत्रक ठेव, मोठ्या अक्षरात. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळतो, त्याची सरकारी फी 15 रुपये. हे माणसाला आल्याआल्या दिसलं पाहिजे. माझ्या स्क्रिप्टमध्ये एफ9 चं शेवटचं काम तेच आहे, विंडो परत आणली की दरपत्रक वर घेणं. मॉनिटर रिकामा राहिला की मुलं तिथे गाणी लावायचा हट्ट करतात.

स्क्रिप्टने काय करायचं नाही, तेही सांगते, आणि इथे मी हट्टी आहे. सबमिट दाबायचं नाही. कॅप्चा, ओटीपी, अंगठा, यांच्या जवळही जायचं नाही. विंडो हलवणं हे टेबल आवरण्यासारखं काम आहे, ते यंत्राने करावं. अर्ज पाठवणं हा शेतकऱ्याचा शब्द आहे. तो समोर बसून 'हां, बरोबर आहे' म्हणाला की तुझं बोट खाली आलं पाहिजे, यंत्राचं नाही. रांग मोठी असली की मोह होतो. मलाही झाला होता.

अंगठ्याच्या मशीनचा प्रोग्राम वगैरे ॲडमिनच्या अधिकाराने चालत असेल तर साधी स्क्रिप्ट त्याला हलवू शकत नाही. ती विंडो हाताने एकदा जागेवर ठेव आणि विसर. तेवढ्यासाठी सगळी स्क्रिप्ट ॲडमिनच्या अधिकाराने चालवायची गरज नाही. तुझ्या त्या जुन्या लिनक्सच्या लॅपटॉपचं विचारलं होतंस. तिथे 'डब्ल्यूएमसीटीआरएल' नावाचा हुकूम विंडो हलवतो, पण जुन्या एक्स11 वरच. नव्या वेलँडवर बाहेरच्या हुकुमाला विंडो बधत नाहीत. केडीई वापरत असशील तर त्याचेच विंडो-नियम पुरे आहेत.

अंबाजोगाईला टायपिंग शिकत होते तेव्हा संतकवी दासोपंतांची पासोडी पाहिली होती. चाळीसेक फूट लांब, चारेक फूट रुंद कापड, आणि त्यावर ओव्याच ओव्या. एवढी मोठी जागा समोर पसरलेली असताना कुठे काय येईल हे त्यांनी मनात किती आधी धरलं असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. तिसरा मॉनिटर घेणारं कुणी आलं की मला ते कापड आठवतं.

स्क्रिप्ट लिहून झाली की प्रत्येक ओळीच्या वर मराठीत लिही, ही ओळ काय करते आणि कधी घातली. स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये तिचा शॉर्टकट टाक, म्हणजे लाइट येऊन कॉम्प्युटर सुरू झाला की ती आपोआप उठेल. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक छापून वहीत. तू आजारी पडलास आणि केंद्रात दुसरं कुणी बसलं तर त्याला कळलं पाहिजे की एफ8 सगळ्या विंडो समोर का नेत नाही. 2023 चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, तो वाच; पण त्या पिशवी उचलून गेलेल्या बाईचं मी सांगितलंय ते त्याच्या आधी आठव.

आणि उद्घाटनाच्या आधी समोरच्या बाजूला एक खुर्ची ठेव, स्टूल नको. उभ्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही. ड्रॉवरमध्ये चाळिशीचे दोन चष्मे ठेव, एक दीड नंबरचा, एक अडीचचा. निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात.